उसनी स्वप्नं

मोरबी, गुजरात
१० जून २०१८

आईस डॅनीचा सलाम.

शिरडीच्या लॉजवरची नोकरी सोडली. तू रागावशील म्हनून आधी सांगितलं न्हाई. चादरी बदलायच्या, खोल्या झाडायच्या, लोकांच्या बॅगा तिसऱ्या मजल्यावर न्यायच्या. सगळं जग येतं, दर्शन घेतं अन् निघून जातं, आपन तिथंच. मला ते सोसंना. फरशीच्या गाडीवरच्या एका डायवरशी ओळख झाली, तो म्हनला चल मोरबीला, काम लगेच मिळतं. चढलो गाडीत.

फोन करनार हुतो. पन टीबीच्या इंजेक्शनांनी तुझे कान गेले, तेव्हापासून फोनवर तुला कळत न्हाई. मी इकडून बोंबलायचं, तू तिकडून बोंबलायचं, अन् लंकाबाई चुलीवरची भाकर करपवून भिंतीला कान लावनार. आपल्या दोघांतलं सगळ्या गल्लीचं हुतं. म्हनून पत्र. तू मिशनच्या शाळेत सातवी झालीस, त्याचा हा उपेग. माझ्या अक्षराला हसू नको. नववीत शाळा सोडली अन् ती का सोडली ते तुला अर्धंच ठाऊक हाय.

इथं भट्टी म्हंजी मालगाडीएवढी लांब. एका टोकाला कच्ची फरशी आत जाती, दुसऱ्या टोकाला भाजून निघती. मी त्या दुसऱ्या टोकाला उभा. एक आपल्याकडचाच भेटला, घोडेगावचा बन्सी. बाप बैलबाजारात दलाली करतो. त्याची माझी कॉट शेजारी. तोंड उघडलं की बैल.

गोळीचं विचारू नको. नगरवरून आनलेल्या बाटल्या बॅगेत हायत. संपायच्या आत इथल्या सरकारी दवाखान्यात नाव लावीन.

तुझा डॅनी

*

बेलापूर
२१ जून २०१८

माझ्या लेकरा डॅनी,

प्रभूच्या नावात सलाम.

तुझं पत्र एकदा रागानं वाचलं आणि एकदा बसून वाचलं. गेलास ते गेलास. तुझे पप्पाही असेच, चाक दिसलं की पाय शिवशिवायचे. ट्रकवर फिरता फिरता ते जे घेऊन आले ते मला देऊन गेले, आणि मी तुला पोटातच दिलं. एड्स हा शब्द मी घरात कधी मोठ्यानं उच्चारला नाही. इथं लिहिते, कारण कागदाचा आवाज लंकाबाईपर्यंत जात नाही. वाचून झालं की फाडून टाक.

गोळीचं विचारू नको म्हणतोस. बरं, नाही विचारत. पण एक कर. रात्रीची ती एकच गोळी सुरू झाल्यापासून आपल्या दोघांना काय एकेक स्वप्नं पडायची, आठव. डॉक्टर म्हणाले होते, गोळीचा गुण आहे, घाबरू नका. मग आपण नियमच केला, सकाळी आधी स्वप्न सांगायचं, मग चहा. तू हसून हसून चहा सांडायचास. तेव्हा आता पत्रात स्वप्न लिहीत जा. ते वाचलं की मला कळेल माझं लेकरू गोळी घेतंय.

माझं ऐक. परवा स्वप्नात मी देवळात प्रभुभोजनाची भाकर कापत होते, दर महिन्याला कापते तशीच. पण कापेल तो तुकडा शाळेच्या सदऱ्याची कॉलर होई. पाळकसाहेब म्हणाले, मार्थाबाई, गळ्याचं माप घेतलंत का? मी टेप शोधायला लागले आणि जाग आली. खरं स्वप्न कधी पुरं होत नाही, मधेच तुटतं. टेप सापडली की नाही, मला अजून चुटपुट लागली आहे.

शिलाईचं काम बरं चाललंय. शाळा सुरू झाल्या, गणवेश येतात. जेवत जा.

तुझी आई मार्था

*

मोरबी
१९ जुलै २०१८

आईस सलाम.

घे तुझं स्वप्न. भट्टीतून फरशीच्या जागी मासे निघाले, जिते. रुळावरून नीट रांगेत, पोरं शाळेत जातेत तसे. तू तिथं मशीन घेऊन बसली हुतीस अन् एकेकाला बटन लावत हुतीस. मी म्हनलं आई, हात भाजंल. तू म्हनलीस, याच्या खवल्याला काजं कुठं करू? अन् तुटलं. बन्सीला सांगितलं तर तो कॉटवरून खाली पडला हसून.

पन आई, एक घोळ हाय. पाळी रातची लागली. गोळी घेतली की पुढचे दोन घंटे जमीन पान्यावर ठेवल्यावानी हलती. घरी आपन गोळी घेऊन झोपत हुतो म्हनून कळलं न्हाई. इथं पुढ्यात भट्टी. परवा फरशा उचलताना तोल गेला, दोन पेट्या फुटल्या. सुपरवायझरनं सगळ्यांदेखत माझ्या तोंडाचा वास घेतला, पिऊन आला का म्हनून. दिवसाची पाळी मागितली तर म्हनला, नव्या मानसाला रातचीच. आता मी गोळी सकाळी झोपायच्या आधी घेतो. काळजी करू नको.

डॅनी

*

बेलापूर
२ ऑगस्ट २०१८

माझ्या लेकरा,

मशीनवर बसले की माशांना बटणं लावायची आठवण येते आणि हसू येतं. स्टेला ब्लाउज टाकायला आली होती, तिनं विचारलं, काकू एकट्याच काय हसता? काय सांगणार तिला.

सकाळी घेतोस ते चालेल. नगरच्या दवाखान्यातल्या ताईंना विचारून आले. वेळ मात्र एकच धर, आणि बुडवू नको. शिरडीत तू दोनदा बुडवलीस, तेव्हा रक्तातल्या पेशी कशा खाली गेल्या होत्या ते आठव. बाटल्या आता तळाला आल्या असतील. दवाखान्यात गेलास का? नाव बदलीचा कागद मी पाकिटात घालते आहे. रांगेत उभं राहायला लाजू नको. त्या रांगेतले सगळे आपलेच असतात.

कोणत्या वारी सुट्टी असते ते कळव.

तुझी आई

*

मोरबी
११ नोव्हेंबर २०१८

आईस सलाम.

पत्राला उशीर झाला. काम लई हाय. तुझी मधली पत्रं मिळाली.

नाव लावलं दवाखान्यात. सगळं ठीक हाय.

स्वप्न लिहितो. आपल्या दारात पोळ्याचा सन. बैलजोडी सजवून आनली, शिंगांना रंग, पाठीवर झूल. तू नवं लुगडं नेसलेली, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, हातात आरतीचं ताट. तू बैलांचे पाय धुतलेस, त्यांना ओवाळलंस, पुरनपोळी चारलीस. डाव्या बैलानं तुझा हात चाटला अन् तू म्हनलीस, माझा गुनाचा राजा. मग सगळी घरात आली, पंगत बसली, पोटभर जेवलो अन् झोपलो. लई बरं वाटलं.

नाताळाला सुट्टी मिळनार न्हाई. थोडा खोकला हाय, इथं सगळ्यांनाच असतो, धुळीचा.

डॅनी

*

बेलापूर
१९ नोव्हेंबर २०१८

डॅनी,

ही बाई कोण?

आपल्या दारात कोंबडी बांधायला जागा नाही, तिथं बैलजोडी आली. कुंकू मी लग्नातही लावलं नाही. आपल्यात पाळकसाहेबांनी अंगठी आणि बायबल हातात दिलं होतं, फोटो भिंतीवर आहे. पुरणपोळी मला करता येत नाही, तू दरसाल शेजारून आणायचास. आणि तुझं ते स्वप्न पार पंगत उठेपर्यंत गेलं, पोट भरलं, झोपही लागली. असं कुणाचं स्वप्न असतं रे? घोळून घोळून दहादा सांगितलेली गोष्ट आहे ती.

हे स्वप्न त्या बन्सीचं आहे. ती बाई त्याची आई. तिला माझा सलाम सांग आणि तू घरी ये.

कधीपासून बंद केलीस? नाव लावलं म्हणतोस, तर कुठल्या वारी लावलं, ताईचं नाव काय, वजन किती भरलं? एकही सांगू शकणार नाहीस. खोकला धुळीचा नाही. मी टीबी काढलाय, मला धूळ शिकवू नको.

माझी भरलेली बाटली पार्सलनं पाठवते आहे. गोळी दोघांची एकच आहे, तुला चालेल. हातात पडेल त्याच दिवशी सुरू कर आणि मिळेल त्या गाडीनं ये. रागावणार नाही.

आई

*

मोरबी
५ डिसेंबर २०१८

आई,

व्हय, बन्सीचंच हाय. रोज पाळी सुटली की त्याला विचारतो, काय पाहिलंस रं आज. तो म्हनतो, भाडखाव, माझ्या स्वप्नावर मटक्याचा आकडा काढतोस का? लागला तर निम्मं मला. त्याच्या आईचं नाव झुंबरबाई. तुझा सलाम सांगितला न्हाई, काय म्हनून सांगू?

गोळी बंद हाय. भट्टीपुढं चक्कर यायची म्हनून दोन दिवस बंद केली हुती. मग बरं वाटायला लागलं. डोकं हलकं. मग ठेवलीच बंद.

तुला आता खरं सांगतो, तू वाच अन् गप बस. नववीत माझा पान्याचा पेला वेगळा ठेवला हुता. खिडकीत, खडूनं फुली मारून. कुनी कुनाला सांगितलं ते अजून कळलं न्हाई. तेव्हापासून मी जिथं गेलो तिथं आधी पेले बघतो. इथं एक माठ, एक मग, सगळे त्याच्यानंच पितेत. बन्सी माझ्या ताटात जेवतो, माझं उरलेलं संपवतो. भट्टीपुढं सगळ्यांचा घाम एकच. इथं मी कुनाचा आजारी पोरगा न्हाई. ती बाटली हातात घेतली, आत गोळ्या खळखळल्या, की मी परत खिडकीतला पेला हुतो.

जन्मल्यापासून मी एक दिवस बरा न्हवतो. हे चार महिने हुतो. तुला ते कळायचं न्हाई.

पार्सल मिळालं. फोडलं न्हाई, कॉटखाली हाय. दुसरं पाठवू नको. पत्रंपन नको. सारखं टपाल आलं की लोक विचारतेत.

डॅनी

*

बेलापूर
२६ डिसेंबर २०१८

डॅनी,

पत्र नको म्हणालास, तरी हे एक.

काल नाताळ झाला. तुझ्यासाठी शिवलेला सदरा खुंटीला आहे. कॅरोलची पोरं आली, त्यांना शेवचिवडा दिला. देवळात मी मागच्या बाकावर बसले.

चार महिने बरा होतास म्हणतोस. मला कळतं. तू सहा वर्षांचा असताना मी गोळी कुटून मधातून द्यायची. तू तोंड मिटून घ्यायचास आणि मी नाक दाबायची. एकदा तू विचारलंस, बाकीच्या पोरांच्या आया असं का करत नाहीत? मी म्हणाले, त्यांचं आपल्या पोरांवर एवढं प्रेम नाही. खोटं बोलले. त्यांना गरज नव्हती, एवढंच. मी तुला दिलं म्हणून तुला गरज होती. तू मोठा झालास, तुला सगळं कळलं, तरी तू मला एकदाही विचारलं नाहीस की आई, हे मला का दिलंस. मी वाट बघत राहिले. विचार ना रे. ये, भांड, ताट फेक. पण ये.

आणखी एक ऐक. माझी बाटली तुझ्या कॉटखाली आहे. मी दुसरी आणलेली नाही आणि आणणार नाही. नगरच्या ताईंना म्हणाले, गावाला जायचंय, गोळ्या आहेत. तू घेशील तेव्हा मी घेईन. तू नाही, तर मी नाही. मलाही आता स्वप्नं पडत नाहीत. सकाळी नुसताच चहा.

आई

*

मोरबी
१७ फेब्रुवारी २०१९

मार्थामावशी यांस,

घोडेगावच्या बन्सीचा नमस्कार. तुमची माझी ओळख न्हाई. डॅनीच्या उशाखाली तुमची पत्रं हायत, त्यावरून पत्ता घेतला. आतलं वाचलं न्हाई, देवाशपथ.

मावशी, डॅनीला लई जास्त झालंय. महिनाभर ताप हाय. तोंडात पांढरं आलंय, पानीसुद्धा गिळवत न्हाई. कॉटवर मानूस झोपलाय का चादर टाकलीय, लांबून कळत न्हाई. इथल्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढला, टीबी म्हनला, अन् अजून एक रक्त तपासायला सांगितलं. डॅनी म्हनला, ते तपासायची गरज न्हाई, मला म्हाईत हाय. काय म्हाईत हाय ते मला सांगत न्हाई.

नाताळानंतर तुमचं एक पत्र आलं. ते वाचून त्यानं उशाखाली घातलं. मग कॉटखालचं पार्सल काढून दातानं फोडलं. त्यातली गोळी तवापासून रोज घेतो. मला म्हनला ताकदीची हाय. घेतली की लगेच मोबाईल मागायचा अन् तुम्हाला लावायचा. तुम्हाला ऐकू येत न्हाई म्हनं. तो नुसता ओरडायचा, घेतली, घेतली, अन् ठेवून द्यायचा. सगळी खोली हसायची त्याला. आता ओरडायचं बळ न्हाई. तापात एकच बडबडतो, आईला कळवा, मी घेतली, तू घे.

मावशी, तुम्ही काय घ्यायचं ते घ्या, येवढंच मला कळतं.

मी त्याला घेऊन निघतो. पुढच्या बुधवारची गाडी हाय, मनमाडला उतरून तिथनं बेलापूर स्टेशन. रिक्षा सांगून ठेवा. तो चालू शकत न्हाई, मी उचलून आनतो. वजन काय न्हाई त्याला.

आपला, बन्सी

*

बेलापूर
२० मार्च २०१९

बन्सीस डॅन्याचा सलाम.

पडून लिहितो, म्हनून अक्षर बघू नको. आई लिहून देते म्हनली, पन हे मी लिहिनार.

तू घरी येऊन मला पलंगावर टाकलंस अन् आईच्या हातचं जेवून गेलास. आईनं तुला बाजूला नेऊन काय सांगितलं ते मला दिसलं. तुझं तोंड पडलं हुतं. तरी जाताना तू माझ्याच तांब्यातलं पानी प्यालास. ते मी बघितलं.

मला एड्स हाय. जन्मापासून. तुला सांगायला पायजे हुतं. ताटात जेवल्यानं, मगानं पानी प्यायल्यानं, माझी चादर घेतल्यानं हे कुनाला हुत न्हाई. मनात भीती बसली असंल तर सरकारी दवाखान्यात रक्त दाखवून घे, फुकट असतं. पन काय निघनार न्हाई. नववीत मास्तरांनी हे पोरांना सांगितलं असतं तर मी तुला भेटलोच नसतो.

मी गोळी उशिरा धरली. नगरला मोठ्या डॉक्टरनं तसं तोंडावर सांगितलं. टीबी डोक्यात चढला म्हनतेत. आई मशीनवर झाकन टाकून दिवसभर माझ्यापाशी बसती. आम्ही दोघं रात्री एकदमच गोळी घेतो. ती आधी माझं तोंड उघडून बघती, मग मी तिचं. लहानपनी मी तिला फसवायचो, आता मी तिला सोडत न्हाई. जिभेखाली बघतो.

तुझी लई स्वप्नं घेतली. एक परत करतो. काल पडलंय, माझं सोताचं. तुमच्या घोडेगावच्या बाजारात मी दावनीला बांधलेला. तुझा बाप माझे दात बघतो अन् म्हनतो, मोल चांगलं येईल, पन बसका हाय, बसला की उठत न्हाई. मी म्हनलं, मामा, मी उठतो, थांबा. उठायला लागलो, अन् तुटलं.

मटका लावू नको त्याच्यावर.

डॅनी

*

बेलापूर
२ मे २०१९

चिरंजीव बन्सी यास मार्थामावशीचे आशीर्वाद.

डॅनी झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी गेला. देवळातून पोरं झावळ्या हलवत गल्लीतून चालली होती, होसान्ना म्हणत. त्याला शेवटी दिसत नव्हतं, ऐकू मात्र येत होतं. मला ऐकू येत नाही, मला दिसत होतं. त्यानं विचारलं, आई, पोरं आली का? त्याच्या ओठांवरून मला कळलं. मी त्याच्या हातावर बोटानं हो लिहिलं. नंतर काही विचारलं नाही.

अंघोळ मीच घातली. नाताळाचा सदरा घातला. मापात बसला नाही, मागून टाके घालून आवळावा लागला.

पाळकसाहेब विचारत होते, दफनाच्या वेळी काय आजार सांगू, टीबी म्हणू का? मी म्हणाले, खरं आहे ते म्हणा. आयुष्यभर मी ते नाव तोंडात दाबलं, आणि माझं लेकरू ते दाबलेलं घेऊन गावोगाव हिंडलं. त्यांनी कबरीपाशी ते नाव घेतलं. मग माती द्यायला माणसं जरा लांबूनच पुढं आली.

प्रभुभोजनाची भाकर आता मोनिकाबाई कापतात. मला विश्रांती हवी, असं मंडळीनं ठरवलं. मी विश्रांती मागितली नव्हती. गणवेशाची कापडं काही जणींनी परत नेली, स्टेलानं नेली नाहीत. लंकाबाई दोन दिवस दिसली नाही. तिसऱ्या दिवशी भिंतीवरून डोकं काढून तिनं हातानं खूण केली, चहा घेतला का? मी नाही म्हणून मान हलवली. तिनं भिंतीवरून कप दिला. तिच्या घरचाच कप होता.

तू त्याला उचलून आणलंस. तुझ्या आईला, झुंबरबाईंना, माझा सलाम सांग. या वेळी सांग.

तुझी मावशी मार्था

*

बेलापूर
८ मार्च २०२१

चिरंजीव बन्सीस आशीर्वाद.

दिवाळीला तू पाठवलेलं पत्र मिळालं. लॉकडाऊनमध्ये चालत घरी आलास आणि परत त्याच भट्टीपुढं गेलास, ते वाचलं. तब्येत सांभाळ.

आज मुद्दाम लिहिते आहे. आमच्या दवाखान्यात गोळी बदलली. नगरच्या ताईंनी मला समोर बसवून, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून समजावलं. ही नवी गोळी चांगली आहे. घेतल्यावर चक्कर येत नाही. माणूस कामावर जाऊ शकतो, रात्रपाळी करू शकतो. स्वप्नंही पडत नाहीत.

मी तो कागद हातात धरून बसले. विचारलं, ही आधी नव्हती का? ताई म्हणाल्या, नव्हती, मावशी, आत्ताच आली. मी पुन्हा विचारलं नाही. ताईंचे डोळे भरले होते, त्यांनी डॅनीला लहानपणापासून पाहिलं होतं.

तुला काय सांगू बन्सी. तो गेल्यापासून जुन्या गोळीनं मला तो रोज दिसायचा. कधी सहा वर्षांचा, तोंड मिटून बसलेला. कधी मिशा फुटलेला. कधी नुसता त्याचा हात, चहाच्या कपापाशी. दिसायचा आणि तुटायचा. मी उठून दोन कप मांडायची, एक परत ठेवायची. ते वेडेपण होतं, पण माझं होतं. आता रात्री नुसती झोप लागते. सकाळी पुसलेली पाटी.

ताईंना म्हणावंसं वाटलं, मला जुनीच द्या. तोंडापर्यंत आलं होतं. मग तुझ्या पत्रातलं ते वाक्य आठवलं, मी घेतली, तू घे. बाटली उचलली आणि घरी आले. रोज घेते. जीभ उचलून बघायला कुणी नाही, तरी आरशात बघते.

एक मागणं आहे. त्यानं तुझी स्वप्नं मला पाठवली आणि मी त्यावरून त्याला बोलले. आता मीच तुझ्याकडे मागते. तुला कधी तो दिसला, तर लिहून पाठव. उसनं दे. माझ्या समाधानासाठी रचून मात्र लिहू नकोस. मला कळतं, तुला माहीत आहे.

तुझी मावशी मार्था

*

मोरबी
२९ ऑगस्ट २०२१

मार्थामावशीस बन्सीचा नमस्कार.

तुमचं पत्र येऊन लई दिवस झाले. उत्तर दिलं न्हाई, कारन डॅन्या दिसतच न्हवता. मला आपले बैल दिसतेत. एकदा रचून लिहायला बसलो. त्यात तो धडधाकट, नवा सदरा घातलेला, तुम्हाला भेटायला आलेला, असं सगळं चांगलं लिहिलं. वाचून बघितलं तर माझ्या त्या पंगतीच्या स्वप्नावानी पुरं झालं हुतं, अन् डॅन्या म्हनायचा, खरं स्वप्न मधेच तुटतं. फाडून टाकलं.

मोठी गोष्ट काय दिसली न्हाई, मावशी. पन परवा सकाळी पाळीवरून येऊन पडलो, अन् दिसला. त्याच्याच कॉटवर, पालथा, एक पाय खाली सोडलेला, झोपायचा तसा. त्या कॉटवर आता बिहारचा पोरगा झोपतो, पन तो न्हवता, डॅन्याच हुता. मी म्हनलो, डॅन्या ऊठ, चहा झालाय. त्यानं डोळे उघडले न्हाईत. तोंड उशीत तसंच ठेवून म्हनला, काय पाहिलंस रं आज?

मी सांगायला तोंड उघडलं, अन् भोंगा झाला.

येवढंच हाय. पुढचं न्हाई.

आपला, बन्सी